भाषांतराचं फ्रीलान्स काम : एजन्सीच्या पलीकडचे चांगले क्लायंट कसे गाठायचे?

हळदपेठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी सांगलीत राहते आणि घरून इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. कामाचा तुटवडा नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद 'अमुक साइटवर प्रोफाइल काढा' असेच येतील. प्रोफाइलं काढून झाली आहेत. तुटवडा आहे तो चांगल्या क्लायंटचा.

सध्याची साखळी अशी : कंपनी काम देते परदेशातल्या मोठ्या एजन्सीला, ती देते बंगळूरच्या एजन्सीला, तिथून ते मुंबईत येतं आणि मग माझ्याकडे. इथवर पोचेतो शब्दाला रुपया उरतो, कधी ऐंशी पैसे. अलीकडे तर 'मशीनने केलंय, तुम्ही फक्त नजर फिरवा' असं म्हणून त्याचेही निम्मे करतात. नजर फिरवायला घ्यावी तर दर दुसरं वाक्य नव्याने लिहावं लागतं. पेमेंट साठ दिवसांनी, तेही आठवण केल्यावर. मूळ मजकूर कोणी लिहिला, मराठी कोण वाचणार, काही पत्ता नसतो. शंका विचारली तर उत्तर ठरलेलं : 'तुमच्या अंदाजाने करा.'

मला थेट क्लायंट हवे आहेत. वर्षाकाठी चार-सहाच असले तरी चालतील, पण पुन्हा पुन्हा येणारे, वेळेवर पैसे देणारे, शंकेला उत्तर देणारे. ज्यांना असे मिळाले त्यांनी ते कुठे शोधले? पहिलं पत्र कोणाला लिहिलं, त्यात काय लिहिलं? दर कसा सांगितला? आणि पुण्या-मुंबईत राहत नसल्याने अडतं का?

'पर्सनल ब्रँड उभा करा', 'स्वतःवर विश्वास ठेवा' हे कृपया नको. ते इन्स्टावर भरपूर मिळतं.

मिरजमसाला

शेजारधर्म म्हणून पहिला प्रतिसाद माझा. चांगला क्लायंट म्हणजे ज्याने अजून पेमेंट थकवलेलं नाही तो. बाकी जाणकार सांगतीलच. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रूफवाले काका

पुस्तकांच्या वाटेला पैशासाठी जाऊ नका, एवढं सांगतो. प्रकाशनव्यवसायात आयुष्य गेलं. भाषांतरित पुस्तकावर नाव येतं, परिचय छापून येतो, मानधनात मात्र घर चालत नाही. आवड म्हणून एखादं जरूर करा. दिवाळी अंकांचंही तेच. जुलै ते सप्टेंबर सगळे संपादक फोन करतात, नोव्हेंबरात कोणी करत नाही.

पुस्तक केलंतच तर करार लेखी घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. बरेच प्रकाशक 'सर्व हक्क कायमचे' असा छापील कागद पुढे सरकवतात आणि नवखे लोक न वाचता सही करतात. ई-बुक आणि ऑडिओचे हक्क वेगळे मागायला लाजू नका.

चाफेकळी

ताई, एक उलटा प्रश्न विचारते. तुमच्या भाषांतरात चूक राहिली तर कोणाचं काय अडतं?

शॉपिंग अ‍ॅपवरच्या चपलेच्या वर्णनात चूक राहिली तर कोणाचंच काही अडत नाही. म्हणून तिथे ऐंशी पैसे आहेत आणि उद्या चाळीस होतील. तुम्ही कितीही सुंदर मराठी लिहा, त्या माणसाला त्याची गरजच नाही. जिथे चूक राहिली की फाइल परत येते, छपाई वाया जाते, कोर्टात पुढची तारीख पडते, तिथला माणूस दरावर घासाघीस करतो खरी, पण शेवटी ऐकतो. मी चांगला क्लायंट हीच खूण धरून शोधते. कंपनी किती मोठी, ऑफिस किती चकचकीत, हे बघतच नाही.

माझं मुख्य काम औषधांच्या चाचण्यांचं, म्हणजे क्लिनिकल ट्रायलचं. चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला माहितीपत्रक आणि संमतीपत्र त्याला समजेल अशा भाषेत द्यावंच लागतं, २०१९च्या नियमांत तसं आहे. महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलात चाचणी असेल तर मराठी प्रत आलीच. ती एथिक्स कमिटीपुढे (रुग्णांचं हित बघून चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे) जाते. सोबत भाषांतराचं प्रमाणपत्र लागतं आणि बहुतेक ठिकाणी बॅक ट्रान्सलेशनही मागतात, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी, तेही वेगळ्या माणसाने, मूळ न बघता केलेलं. दोन इंग्रजी प्रती शेजारी ठेवून तपासतात. फरक दिसला की प्रश्न येतो.

खरी मेख पुढे आहे. चाचणीचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेला आराखडा, बदलला की संमतीपत्राची नवी आवृत्ती निघते, नवा दुष्परिणाम कळला की पुन्हा निघते. प्रत्येक वेळी मराठीही बदलायचं, तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख मूळ प्रतीशी जुळवायची. एकदा तुमच्या हातून नीट झालं की ते लोक दुसऱ्याकडे जात नाहीत, कारण नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून समजावणं त्यांना महाग पडतं. तुम्ही म्हणता ते 'पुन्हा पुन्हा येणारे' इथे आपोआप मिळतात.

शोधायचे कसे? सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, ही सरकारी वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. जून २००९ पासून चाचणीची नोंद तिथे करणं सक्तीचं आहे. प्रत्येक नोंदीत प्रायोजक कोण, कोणत्या शहरात कोणत्या हॉस्पिटलात साइट (चाचणीचं ठिकाण) आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी झाली की अजून विचाराधीन आहे, हे सगळं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रातल्या साइट असलेल्या, भरती सुरू न झालेल्या नोंदी आधी काढा. तिथे मराठी कागद आत्ता लागणार आहेत किंवा नुकतेच लागलेत.

पत्र एचआरला लिहू नका, 'इन्फो' वाल्या पत्त्यावर तर नकोच. चाचणी चालवणाऱ्या कंपनीतल्या (सीआरओ) क्लिनिकल ऑपरेशन्स किंवा रेग्युलेटरी विभागातल्या माणसाला लिहा. तिथे नोंदवलेल्या डॉक्टरांना मात्र सरसकट मेल पाठवत सुटू नका. तो पत्ता त्यासाठी नाही आणि नाव खराब होतं.

वैद्यकीय शब्दांची भीती वाटत असेल तर तीच तुमची जमेची बाजू करा. संमतीपत्र सातवी-आठवी शिकलेल्या माणसाला कळायला हवं. डॉक्टरी मराठी लिहिणारे पुष्कळ आहेत, साधं मराठी लिहिणारे सापडत नाहीत.

खवट

छान. आणि दोन वर्षांत हे सगळं मशीन करणार. मग?

चाफेकळी

गूगलचं मराठी भाषांतर २०१७ मध्ये न्यूरल झालं, म्हणजे अख्खं वाक्य धरून करू लागलं, तेव्हाही हेच ऐकलं होतं. मशीन सुधारलंय, मी स्वतः वापरते, नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून 'सुवास' नावाची प्रणाली निकालांच्या भाषांतराला घेतली, त्यात मराठीही आहे. पण मशीनने केलेलं तपासायला माणसं ठेवावीच लागली. माझ्या क्षेत्रात तर प्रमाणपत्रावर नाव आणि सही हवी असते. चूक निघाली तर फोन कोणाला करायचा, हा प्रश्न मशीनने सुटत नाही. जे काम कोणाच्या सहीशिवाय चालतं ते जाईल, त्यातलं बरंचसं गेलंच आहे.

खवट

सहीचे पैसे घेता म्हणा की.

चाफेकळी

अर्धे तरी सहीचेच असतात. वकील आणि सीए काय वेगळं करतात?

डीटीपीवाला ठाणेकर

चाफेकळी यांना +१. माझ्या बाजूने थोडी भर घालतो. मी भाषांतर करत नाही, मांडणी करतो, पण भाषांतरकारांचे क्लायंट कुठे हरवतात ते रोज बघतो.

भाषांतरकार वर्डची फाइल देऊन मोकळा होतो. कंपनीतला डिझायनर बिगरमराठी असतो. तो मजकूर इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, तिथला कंपोझर (अक्षरं जुळवण्याची सेटिंग) बदलायचं त्याला ठाऊक नसतं, मग रफार भलतीकडे जातो, वेलांटी अक्षराच्या पुढे लटकते, जोडाक्षरं फुटतात. वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की निम्मी दुखणी जातात, पण हे सांगायला तिथे कोणी नसतं. छापखाना श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये) काम करत असेल तर युनिकोडमधून बदलताना आणखी गंमत. दहा हजार पत्रकं छापून आली की साहेब म्हणतो, मराठी चुकीचं आहे. बोल लागतो भाषांतरकाराला.

म्हणून कोटेशनमध्येच एक ओळ लिहा : 'मांडणी झाल्यावर अंतिम पीडीएफ मी तपासून देईन.' त्याचे वेगळे पैसे लावा. ही ओळ वाचून आमच्याकडचे तीन-चार क्लायंट ताडकन हो म्हणालेत, कारण आधी कधीतरी हात पोळलेले असतात. त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या डीटीपीवाल्याशी जोडी जमवा आणि छापायला तयार फाइल द्या. चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, अंबड, कुपवाड, जिथे जिथे एमआयडीसी आहे तिथे यंत्रांच्या सूचना, सुरक्षेचे फलक, ट्रेनिंगच्या पुस्तिका लागतात. कुपवाड तर तुमच्या दारात आहे, ताई. तिथला सेफ्टी ऑफिसर हा तुमचा माणूस. त्याला दोन माणसांशी वेगवेगळं बोलायला वेळ नसतो.

रानजाई

वाखुसा (वाचनखूण साठवली).

खुर्चीपलीकडून

मी दुसऱ्या बाजूची. एका सामाजिक संस्थेत प्रशिक्षण साहित्याचं काम बघते, मराठी-हिंदी भाषांतरं बाहेरून करून घेते. आम्ही माणूस कसा निवडतो ते सांगते, उपयोग होईल.

आठवड्याला तीन-चार मेल येतात. 'डिअर सर', सोबत चार पानी बायोडेटा, 'आय कॅन ट्रान्सलेट एनी सब्जेक्ट'. एक तर मी सर नाही. दुसरं म्हणजे कोणताही विषय करू शकणारा माणूस आमच्या विषयाला घाबरत नाही याचीच मला भीती वाटते. हे मेल उघडून बंद होतात.

एक मेल मात्र अजून आठवतो. लिहिणाऱ्या बाईंनी आमची पोषणावरची पुस्तिका वाचली होती. 'अंगणवाडी सेविकांसाठी आहे असं दिसतं, पण पान चारवरची मापं ग्रॅममध्ये आहेत. त्या वाटी-चमच्याने मोजतात. पुढच्या आवृत्तीत बदलणार असाल तर मदत करायला आवडेल.' बस. खाली नाव, फोन, केलेल्या दोन कामांची नावं. बायोडेटा नाही, दर नाही. मी त्याच दिवशी फोन केला. त्यांनी चूक काढली म्हणून नव्हे. आमचा वाचक कोण, हे आम्ही न सांगता त्यांना कळलं होतं म्हणून.

चूक दाखवायची असेल तर खाजगीत दाखवा. एकाने आमच्या पोस्टरचा फोटो फेसबुकवर टाकून खिल्ली उडवली आणि दुसऱ्या दिवशी काम मागायला मेल केला. त्याचं मराठी आमच्यापेक्षा चांगलंच होतं.

काम दिल्यावर काय बघतो? शंका एकत्र करून एका यादीत पाठवणारा माणूस आवडतो. सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक शब्द विचारणारा नाही. अजिबात शंका न विचारणारा तर त्याहून नको. इतका मोठा मजकूर आणि एकही शंका नाही म्हणजे वाचलेलाच नाही. आणि उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. डेडलाइनच्या संध्याकाळी आजी आजारी पडते, लाइट जाते, लॅपटॉप बंद पडतो. सगळं खरं असेलही, पण आम्हाला छापखान्याची वेळ पाळायची असते.

दराचं : तीन कोटेशन घ्यायचा आमच्याकडे नियम आहे. सर्वांत स्वस्त घ्यायचा नियम नाही, हे बाहेर कोणाला माहीत नसतं. फार कमी दर आला तर मी कारण लिहून तो बाजूला ठेवू शकते. पण त्यासाठी मधल्या दराच्या कोटेशनमध्ये मला दाखवायला काहीतरी हवं. कामात काय काय धरलंय, किती फेऱ्या दुरुस्ती, कधी मिळेल. नुसतं 'अडीच रुपये शब्द' लिहिलेलं असेल तर अकाउंट्सवाला दीड रुपयावर बोट ठेवतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

हळदपेठ

खुर्चीपलीकडून, फार उपयोगी लिहिलंत. मी आजवर नुसता दरच पाठवत आले. एकरकमी आकडा सांगावा का मग?

खुर्चीपलीकडून

आम्हाला एकरकमी सोपा जातो, बजेट तसंच असतं. तुमच्या मनात शब्दांचा हिशोब ठेवा.

प्रूफवाले काका

आणि तो हिशोब मूळ इंग्रजी शब्दांवर ठेवा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचे मराठी शब्द बरेच कमी भरतात. काही एजन्स्या गुपचूप मराठी शब्द मोजून बिल मागतात. शिवाय मूळ मजकुरावर धरलं की आकडा काम सुरू होण्याआधीच ठरतो, नंतर वाद नाही.

रोखठोक

सॅम्पलचं कोणी बोलत नाही. फुकट सॅम्पल देणं बंद करा, नाहीतर दर कधीच वाढणार नाहीत. डॉक्टर फुकट तपासून दाखवतो का?

रानजाई

नवीन माणसाला कोण ओळखतं हो? मी देते. अडीचशे शब्दांपर्यंत. त्यापुढे पैसे.

रोखठोक

एकाच पुस्तिकेची वेगवेगळी पानं वीस जणांना 'सॅम्पल' म्हणून वाटून अख्खं काम फुकटात उरकणारे लोक आहेत. आहेत की नाही?

चाफेकळी

आहेत. म्हणून मी त्यांचं पान घेत नाही, आधीच केलेला, नाव-गाव काढलेला नमुना पाठवते. त्यांच्याच मजकुराचा आग्रह असेल तर एक परिच्छेद मी निवडते, ते नाही. खऱ्या गरजवंताला तेवढ्याने कळतं. मधला मार्ग वगैरे म्हणत नाही, रोखठोक यांचं मला पटत नाही इतकंच. सॅम्पलने दर पडत नाहीत. दर पडतात ते पहिल्याच कामाला 'ओळखीसाठी' निम्मी रक्कम लावल्याने. तो आकडा मग कायमचा चिकटतो. सवलत द्यायचीच असेल तर बिलात पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत वेगळी दाखवा.

जर्सीचा बाब्या

मी अमेरिकेत एका लोकलायझेशन कंपनीत, म्हणजे मोठ्या भाषांतर एजन्सीत, व्हेंडर (बाहेरचे भाषांतरकार) बघतो. म्हणजे तुम्ही सगळे ज्या साखळीला शिव्या देताय तिच्या वरच्या टोकाला.

सगळ्या एजन्स्या सारख्या नसतात. साखळीतल्या चौथ्या कडीऐवजी पहिल्या कडीशी थेट काम करा, दर आपोआप बदलतो. आम्ही मराठीसाठी माणूस शोधतो तेव्हा प्रोझ डॉट कॉम या भाषांतरकारांच्या साइटची यादी उघडतो (१९९९ पासून आहे ती साइट). गाळणी अशी : मातृभाषा मराठी, विषय ठरलेला, कॅट टूल (भाषांतराला मदत करणारं सॉफ्टवेअर) येतं. दहा विषय टिकमार्क केलेला माणूस आम्ही सोडून देतो, दोन विषय लिहिलेला घेतो. ट्रॅडोस किंवा मेमोक्यू महाग वाटत असेल तर ओमेगाटी फुकट आहे, त्यावर हात बसवा. मग पाच जणांना मेल जातो. खरं सांगायचं तर त्यातला जो आधी नीट उत्तर देतो त्याला काम जातं. वेळेच्या फरकाचा फायदा घ्या. आमची संध्याकाळ म्हणजे तुमची पहाट. सकाळी सातला मेल बघणारे लोक आमचे लाडके.

त्याच साइटवर ब्लू बोर्ड आहे, तिथे भाषांतरकार एजन्सीला ५ पैकी गुण देतात. काम घेण्याआधी बघाच. पीओ (परचेस ऑर्डर) नंबर आल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि सावध राहा : मोठ्या एजन्सीच्या नावाने जीमेलवरून मेल करणारे, तुमचा बायोडेटा चोरून तुमच्या नावावर काम मागणारे, 'जास्तीचा चेक पाठवलाय, फरक परत करा' म्हणणारे, सगळे नमुने आहेत. बायोडेटा नेहमी पीडीएफमध्ये आणि पत्ता-जन्मतारीख काढून पाठवा.

मिरजमसाला

अपवर्क-फायव्हरचं काय? माझा भाचा त्यावर लोगो करतो.

जर्सीचा बाब्या

लोगोला चालतं. फायव्हर २० टक्के कापून घेतं आणि अपवर्कवर नुसती बोली लावायलाही 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात. मराठी भाषांतराला तिथे चांगली पार्टी विरळा. ज्याला मराठी येत नाही तो फक्त आकडा बघून निवडतो, दुसरं काय बघणार?

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. थोडं अवांतर, पण चाफेकळींच्या मुद्द्यालाच धरून. आमच्याकडे जमिनींचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत. वारसाहक्काचा दावा लागला, बँकेने कर्जासाठी जुनी कागदपत्रं मागितली, की वकील पोर्तुगीज वाचणारा माणूस शोधत फिरतो. हस्तलिखित असेल तर आणखी पंचाईत. असे लोक थोडेच उरलेत आणि त्यांना जाहिरात करावी लागत नाही, दोन-तीन वकिलांना माहीत असलं की पुरतं.

तुमच्याकडे सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं आहेतच की. परदेशातल्या वारसांना, वरच्या कोर्टात जाणाऱ्या वकिलांना ती इंग्रजीत लागतात. त्यातही मोडी वाचता येत असेल तर काय सांगावं. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात चालतात ना?

प्रूफवाले काका

चालतात, पण शिकणारे बहुतेक इतिहासप्रेमी असतात. कोर्टकचेरीच्या कामासाठी शिकणारा क्वचितच भेटतो.

जमाखर्च

व्यवसायाने सीए. आतापर्यंत सगळे क्लायंट मिळवण्याचं बोललात, पैसे हातात पडायचं थोडं मी सांगतो. सविस्तर सल्ला आपापल्या सीएकडून घ्यावा.

पहिलं, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद. फुकट आहे, घरबसल्या होते, आधार आणि पॅन पुरतं. एनआयसी, म्हणजे उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाच्या यादीत भाषांतर ७४९ या गटात बसतं. एकट्याने काम करणाराही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. फायदा असा की २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याखाली लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ताईंनी लिहिलेले '६० दिवस' भारतातल्या क्लायंटला करारात लिहूनही चालत नाहीत. शिवाय एप्रिल २०२४ पासून अशी रक्कम वेळेत दिली नाही तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही. हे वाक्य अकाउंट्सवाल्यांना व्याजापेक्षा जास्त लवकर कळतं. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, पुष्कळदा तेवढंच पुरतं. नाहीच पुरलं तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. तिथल्या निकालाविरुद्ध क्लायंटला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करून ठेवा, थकल्यावर करून उपयोग होईलच असं नाही.

दुसरं, टीडीएस. व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात. २०२५-२६ पासून एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेल्यावरच कापायचा आहे. कापलेले पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरलं की हिशोबात येतात. २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या कापलेल्या कराच्या पत्रकात) दिसतात का ते तपासत जा.

तिसरं, जीएसटी. सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, परराज्यातला क्लायंट असला तरी. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका. नोंदणी असेल आणि परदेशी क्लायंट असतील तर एलयूटी (लेखी हमीपत्र) भरून ठेवा, म्हणजे कर न लावता बिल करता येतं.

रोखठोक

कायदा दाखवला की क्लायंट पुढचं काम देत नाही. अनुभवाचे बोल.

जमाखर्च

खरं आहे, म्हणून कायदा दाखवायचा नाही, छापायचा. पहिल्या कोटेशनपासून तळाला असला की कोणाला खुपत नाही. आणि थकबाकी ठेवून वर 'पुढचं काम देणार नाही' म्हणणारा क्लायंट टिकवून करणार काय?

डीटीपीवाला ठाणेकर

अ‍ॅडव्हान्सबद्दल : नव्या खाजगी पार्टीकडून मी निम्मे आधी घेतो. मोठ्या कंपनीत अ‍ॅडव्हान्स निघत नाही, तिथे काम टप्प्यांत तोडतो आणि टप्प्यागणिक बिल लावतो. पहिलं बिल अडकलं तर दुसरा टप्पा सुरूच होत नाही.

हळदपेठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री सीटीआरआयवर बसले. सांगली आणि मिरजेतल्या साइट निघाल्या! इतकी वर्षं इथे राहून मला याची कल्पना नव्हती. पुण्या-मुंबईचा प्रश्न मीच विचारला होता, आता विचारणार नाही. त्यातल्या दोन चाचण्या चालवणाऱ्या कंपन्यांच्या क्लिनिकल ऑपरेशन्समधल्या माणसांची नावं लिंक्डइनवर मिळाली. खुर्चीपलीकडून यांच्या सांगण्याप्रमाणे छोटा मेल लिहिला आहे : संमतीपत्राच्या साध्या मराठीबद्दल चार ओळी, आणि साइट सांगलीत असल्याने इथल्या रुग्णांना कोणतं मराठी कळतं ते मला माहीत आहे, ही एक ओळ. बायोडेटा जोडलेला नाही, हात शिवशिवत होते तरी. उद्यम नोंदणीही करून टाकली. एका एजन्सीला कळवलं की मशीनचं दुरुस्तीकाम यापुढे शब्दांवर नाही, तासावर घेईन. अजून उत्तर नाही.

एक शंका. चाफेकळीताई, भाषांतराचं प्रमाणपत्र म्हणता ते कसं असतं? सरकारी परवाना लागतो का? आणि बॅक ट्रान्सलेशनसाठी माझ्याच ओळखीचं कोणी सुचवलं तर चालतं?

चाफेकळी

परवाना वगैरे काही नाही. साध्या लेटरहेडवर लिहायचं : कागदाचं नाव, आवृत्ती क्रमांक आणि तारीख, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत केलं, भाषांतर मूळाशी प्रामाणिक आणि पूर्ण आहे असं एक वाक्य, तुमचं नाव, शिक्षण, अनुभव, सही, तारीख. काही कंपन्यांचा स्वतःचा छापील नमुना असतो, तोच भरून मागतात. मराठी प्रतीचा आवृत्ती क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक एकच आहे ना ते सही करण्याआधी बघा, कमिटीचं पहिलं बोट तिथेच पडतं.

बॅक ट्रान्सलेशनला ओळखीचं चालतं, पण त्याने मूळ इंग्रजी बघितलेलं नसावं आणि त्याचं प्रमाणपत्र वेगळं हवं. माणूस शोधत असाल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी स्वतः घेते ते काम.

मिरजमसाला

ताई, शिक्का लागतो का त्यावर? आमच्याकडे स्टेशन रोडला दहा मिनिटांत करून मिळतो.

चाफेकळी

सक्तीचा नाही. पण काही हॉस्पिटलांचे क्लार्क शिक्का नसलेला कागद हातातच घेत नाहीत. करून ठेवा.